आधी दळण, मग भांडं

कॉफीचं सामान घ्यायला निघालं की नजर आधी भांड्यावर जाते. कागद लावून कॉफी गाळायचा काचेचा सुळका, इटालियन अष्टकोनी किटली, दट्ट्याची नळी, सगळीच देखणी. आम्हीही भांड्यापासून सुरुवात केली आणि क्रम उलटा पडला. आता जो क्रम बरोबर वाटतो तो असा: आधी कप ठरवायचा, मग दळण, मग काटा आणि पाणी, भांडं सगळ्यांत शेवटी. पैशांची वाटणीही तशीच. आठ हजार खर्चायचे असतील तर पाच-साडेपाच ग्राइंडरवर, हजारभर काट्यावर आणि उरलेल्यात भांडं. उलट केलं तर महागड्या सुळक्यातून मिक्सरमध्ये भरडलेली कॉफी गाळत बसावं लागतं.

कप ठरवायचा म्हणजे काय, तर दूध घालणार की नाही हे आधी कबूल करायचं. घरात रोज दोन तऱ्हेचे कप लागतात, एक कोरी कॉफी आणि एक दुधाची, असं धरूनच पुढचं सगळं लिहिलंय. आणि कोल्हापुरात दूध म्हणजे म्हशीचं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं असो की पिशवीतलं, फॅट सहा-सात टक्क्यांच्या घरात. एवढ्या सायीच्या दुधात पातळ कॉफी ओतली तर दुधाला रंग येतो, चव येत नाही. म्हणून दुधाच्या कपासाठी १ ग्रॅम पुडीला ६ ते १० ग्रॅम पाणी एवढा दाट अर्क लागतो. कोऱ्या कपाला १६-१७ ग्रॅम पाणी. बियांची भाजणीही वेगळी. हलक्या भाजणीतला आंबटपणा कोऱ्या कपात संत्र्या-लिंबाच्या अंगाने जातो, पण गरम दुधात तोच दूध नासल्यासारखा लागतो. दुधासाठी मध्यम ते गडद भाजणी घ्यावी. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. त्यात थोडा रोबस्टा असला तरी नाक मुरडू नये. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या साधारण दुप्पट असतं, कडवटपणाही जास्त, आणि म्हशीच्या दुधापुढे टिकायला तो कामी येतो.

दोन कप म्हणजे दोन भांडी आली. पण ग्राइंडर एकच असणार, आणि त्याला रोज दोन वेगवेगळ्या जाडीचं दळण नेमकं तेच, पुन्हा पुन्हा, देता आलं पाहिजे. आमची सगळी निवड या एका अटीवर झाली.

मिक्सर का चालत नाही, हे ज्यानं घरात जातं पाहिलंय त्याला पटकन कळतं. मिक्सरचं पातं बी आपटून फोडतं. कुठला तुकडा किती वेळा पात्याखाली सापडेल याला नियम नाही, म्हणून एकाच भांड्यात पिठासारखा चुरा आणि भरड्यासारखे तुकडे दोन्ही निघतात. चुऱ्यातून पाणी काही सेकंदांत सगळं ओढून घेतं, नको तेसुद्धा. तो कडू-तुरट होतो. मोठ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. तो आंबट आणि पाणचट राहतो. कपात दोन्ही एकदम उतरतात. पाणी बदला, वेळ बदला, भांडं बदला, हे दुखणं जात नाही. बर ग्राइंडर म्हणजे जातंच. दोन दातेरी चकत्या किंवा शंकू आणि त्याभोवतीचं कडं, मधली फट ठरलेली. फटीपेक्षा मोठा कण खाली उतरू शकत नाही. गिरणीवाला बेसनाच्या लाडवासाठी पाट सैल करतो आणि भाकरीच्या पिठाला आवळतो, तेच इथे क्लिक मोजून करायचं.

शिवाय आपल्याकडच्या मिक्सरला दुसरा आजार असतो. ज्या भांड्यात एकदा कांदा-लसूण चटणी फिरली त्यात कॉफी दळू नये. तो वास साबणाने जात नाही, झाकणाच्या रबरात बसलेला असतो.

ग्राइंडर येईपर्यंत मिक्सरवरच भागवायचं असेल तर छोटं कोरडं भांडं वेगळं ठेवावं. एका वेळी ३०-४० ग्रॅम बी घेऊन दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवावं. सलग फिरवलं तर पुडी तापते आणि वास तिथेच उडून जातो. मग मैद्याच्या चाळणीतून चाळून खालचा चुरा बाजूला काढावा. वाया जातो थोडा, पण चाळणीवर उरलेल्याची फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला जाळी लावलेल्या भांड्यात) पिण्याजोगी कॉफी होते.

हाताच्या ग्राइंडरमध्ये दोन जाती. स्वस्त जातीत सिरॅमिकचा शंकू, प्लॅस्टिकचं अंग आणि मधला दांडा वरच्या एकाच आधारावर लोंबकळणारा. बारीक दळताना शंकू कड्याला जवळजवळ टेकलेला असतो, म्हणून चालून जातं. जाड दळायला फट वाढवली की शंकू डगमगायला लागतो. कोऱ्या कॉफीच्या दळणात कण साधारण पाऊण मिलिमीटरचा धरा. दांडा पाव मिलिमीटर सरकला तर एका बाजूची फट अर्धा मिलिमीटर, समोरच्या बाजूची एक. म्हणजे पैसे मोजूनही पुन्हा मिक्सरच्याच वाटेला. शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘रनआउट’ (फिरता दांडा मध्य सोडतो तो दोष) म्हटलं की तो मान डोलावतो. अशा ग्राइंडरला टेफ्लॉनची बुश करून बसवता येते, पण दांडाच बारीक असल्यामुळे जोर लावल्यावर तो वाकतोच. त्यात पैसे घालू नयेत.

दुसरी जात स्टीलच्या बरची. दांड्याला वर-खाली दोन बेअरिंग, अंग धातूचं, खाली क्लिकवार फिरणारी चकती. टाइममोरचा सी२ हा या जातीतला बहुतेकांना परवडणारा नग: ३८ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा शंकू, एका वेळी २० ग्रॅमच्या आसपास बी मावतं. कोऱ्या कॉफीची १५ ग्रॅम पुडी पाऊण ते एक मिनिटात निघते. सिरॅमिकवर त्याच कामाला दोन-तीन मिनिटं जातात. हलक्या भाजणीचं बी दगडासारखं असतं, तेव्हा हा फरक मनगटाला कळतो.

दुकानात किंवा कुरियर उघडल्यावर चार गोष्टी तपासायच्या. शंकू बोटाने डावी-उजवीकडे ढकलायचा. स्पष्ट हालला तर नग परत. चकती आवळत आवळत हँडल जिथे आपोआप फिरेनासं होतं तो शून्य. तिथून क्लिक मोजायच्या. शून्याच्या दोन-तीन क्लिक अलीकडे हँडल हळू फिरवून कान द्यायचा. पूर्ण फेरीभर सारखी खरखर आली तर शंकू सरळ आहे. फेरीच्या एकाच भागात खर्र आणि बाकी गप्प, तर शंकू एका बाजूला कललेला आहे. तिसरी परीक्षा चाळणीची: २० ग्रॅम दळून मैद्याच्या चाळणीत मिनिटभर हलवायचं आणि खाली पडलेलं वजन करायचं. दोन ग्राइंडर शेजारी असतील तर यापेक्षा प्रामाणिक तुलना नाही. चौथी म्हणजे क्लिकची उडी. एक क्लिक बदलल्यावर गाळायचा वेळ दहा-पंधरा सेकंदांनी सरकला तर ठीक. पाऊण मिनिटाने सरकला तर मधलं दळण कधीच हाती लागणार नाही.

जाडीला इंग्रजी नावं पाठ करण्यापेक्षा स्वयंपाकघरातली मापं बरी. फ्रेंच प्रेसला लापशी रव्याच्या जवळ. कागदाच्या सुळक्याला जाड रवा. दाक्षिणात्य फिल्टरला बारीक रवा. मोका पॉटला, म्हणजे त्या इटालियन किटलीला, त्याहून किंचित बारीक किंवा तेवढंच, टेबलावरच्या मिठासारखं. एस्प्रेसोला (यंत्राच्या दाबाने काढलेली घोटभर दाट कॉफी) पिठीसाखरेच्या आसपास, बोटांना जेमतेम कण लागतील एवढं. चिमूट पांढऱ्या कागदावर पसरून मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की कणांच्या सावल्या दिसतात. सावल्या सारख्या लांबीच्या हव्यात.

विजेचा ग्राइंडर घ्यायचा तर सकाळी तीन-चारपेक्षा जास्त कप लागत असतील तरच. बराट्झा एन्कोर हा त्यातला ओळखीचा: ४० मिलिमीटरचा शंकू, ४० टप्पे. फिल्टरपासून फ्रेंच प्रेसपर्यंत सगळं निभावतो. एक सावधगिरी. अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्यांना ‘येताना ग्राइंडर आणा’ म्हणण्याआधी मागची पट्टी वाचून घ्यायला सांगा. तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टवर लावलं की मोटर गेली. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो यंत्राच्या वॅटपेक्षा बराच मोठा हवा, कारण मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते. पाणी तापवणाऱ्या कॉफी मेकरसाठी तर हजार वॅटच्या वरचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो विटेएवढा जड आणि महाग. त्यापेक्षा इथलंच यंत्र घ्यावं.

काटा. चमच्याने मोजू नये, कारण एक चमचा हलक्या भाजणीचं बी आणि एक चमचा गडद भाजणीचं बी यांच्या वजनात चांगलाच फरक असतो. गडद बी फुगलेलं आणि हलकं असतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा आणि २ किलोपर्यंत झेपणारा काटा पाहिजे. गुजरीत सराफी काटे मिळतात, ०.०१ ग्रॅमचे, मोह होतो. पण त्यांतले छोटे काटे २००-३०० ग्रॅमलाच थांबतात. वर काचेचं भांडं आणि २५० ग्रॅम पाणी ठेवलं की पडद्यावर चूक दाखवून मोकळे. काट्याखाली रबरी पाय आहेत का आणि तो आपोआप किती वेळात बंद होतो हेही बघावं. कॉफी गाळता गाळता काटा झोपला तर सगळा हिशोब बुडतो.

पाण्याकडे आम्ही सगळ्यांत उशिरा वळलो, आणि फरक मात्र ग्राइंडरखालोखाल पाण्यानेच पडला. कॉफीसाठी पाण्यात थोडे क्षार लागतात. तेच चव ओढून काढतात. स्पेशालिटी कॉफीवाल्यांचं मानक लिटरला १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार, ७५ ते २५० चालतात. आरओच्या नळाचं पाणी बहुतेक घरांत २० ते ५० मध्ये असतं. त्यात कॉफी आंबूस आणि पोकळ लागते. बोअरचं पाणी उलट टोकाला: काळ्या कातळातलं, जड, किटलीत पांढरा थर धरणारं. त्यातला बायकार्बोनेट कॉफीचं आम्ल मारून टाकतो आणि कप खडूसारखा सपाट होतो. महापालिकेच्या नळाचं पाणी नुसतं गाळून वापरलं तर बहुधा काम भागतं, पण क्लोरीनचा वास असेल तर कोळशाच्या फिल्टरमधून काढावं किंवा उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवावं.

टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा, पेन दोन-तीनशे रुपयांत येतो. समजा बोअर ५०० दाखवतो आणि आरओ ३०. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर मिसळलं की (३ × ३० + ५००) ÷ ४ म्हणजे १४७ च्या पुढे-मागे येतं. पेन फक्त एकूण क्षार मोजतो, कुठले ते नाही. तेव्हा आकडा जमला तरी जीभ काय म्हणते ते शेवटचं. किटलीत थर धरला तर लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळायचं, अर्धा तास ठेवायचं, दोनदा खंगाळायचं.

उकळीबद्दल एक गोष्ट इथल्यांना सोयीची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. ‘उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा’ हा समुद्राकाठचा सल्ला हलक्या भाजणीला इथे लागू करू नये. बुडबुडे थांबले की सरळ ओतावं. गडद भाजणीला मात्र दोन मिनिटं थांबून ९० च्या खाली आणलेलं बरं, नाहीतर जळकट कडूपणा उतरतो.

आता भांडी. दुधाच्या कपासाठी खरं तर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी कटकटीचं म्हणजे दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर. भांड्यांच्या दुकानात सहज मिळतो. दुकानदार म्हणणार, ‘फिल्टर म्हणजे फिल्टर, त्यात काय बघायचं असतंय?’ बघायचं असतंय. वरचा डबा ट्यूबलाइटपुढे धरावा. भोकं बारीक आणि सारखी हवीत, कडेपर्यंत पसरलेली. आतून बोट फिरवावं. भोकं पाडताना राहिलेली बर बोटाला लागली तर तिथे पुडी अडकणार. (कारखान्यात लोखंडाच्या कडेला राहणाऱ्या धारेलाही बरच म्हणतात, दोन्ही बर इंग्रजीतूनच आलेत.) वरचा डबा खालच्यात बसला पाहिजे, पण आवळून नाही. फार घट्ट बसला तर खालच्या डब्यातली हवा बाहेर पडायला जागा राहत नाही, अर्क ठिबकणं थांबतं आणि माणूस पुडीला दोष देत बसतो. वरचा डबा केसभर उचलला की भस्सकन चालू होतं.

माप: २५ ग्रॅम पुडी, वर छत्रीसारखी चकती हलकी टेकवायची, दाबायची नाही. उकळतं पाणी ३० ग्रॅम घालून मिनिटभर थांबायचं, पुडी फुगू द्यायची. मग एकूण १५० होईपर्यंत ओतून झाकण. पंधरा-वीस मिनिटांत साधारण १०० ग्रॅम अर्क खाली येतो. बाकीचं पाणी पुडी धरून ठेवते, स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. ५० अर्क आणि १०० गरम दूध, असे दोन कप. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड. अर्धा तास झाला तरी वर पाणी दिसतंय तर दळण बारीक, किंवा चकती दाबली गेली, किंवा पुडीत चिकोरी आहे. चिकोरी हे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नाही. पाण्यात ती चिकट होते, अर्काला अंग देते आणि वाट अडवते. पाकिटावर कॉफी किती आणि चिकोरी किती याचे टक्के छापलेले असतात, ते वाचावेत. म्हशीच्या दुधात वीस टक्के चिकोरी वाईट लागत नाही, हे आमचं मत. शुद्धवाद्यांनी पुढे जावं. पण तीच पुडी कागदाच्या सुळक्यात किंवा मोकात घालू नये.

मोका पॉट म्हणजे १९३३ सालची बियालेत्तीची अष्टकोनी किटली आणि तिची भावंडं. खालच्या टाकीत वाफेचा दाब तयार होतो, दीड बारच्या आसपास, आणि तो गरम पाणी पुडीतून वर ढकलतो. एस्प्रेसोला ९ बार लागतात, तेव्हा ‘घरची एस्प्रेसो’ हे पाकिटावरचं बोलणं मनावर घेऊ नये. दाट, खमंग कॉफी मात्र नक्की होते. घेण्याआधी दोन गोष्टी. ॲल्युमिनियमची मोका इंडक्शनवर चालत नाही. तिथे चुंबक चिकटणारी स्टीलची लागते. आणि तीन कपांची मोका म्हणजे इटालियन तीन घोट, एकूण जेमतेम दीडशे मिली; आपल्या हिशोबाने दुधाचे दोन कप.

आपल्या गॅसवर तिची पंचाईत होते, कारण बूड छोटं आणि शेगडीचे पाय लांब लांब. कलंडू नये म्हणून वर लोखंडी जाळी ठेवायची. छोटा बर्नर, ज्योत बुडाच्या बाहेर येता कामा नये. आली की हँडल वितळतं. टाकीत आधीच तापवलेलं पाणी घालायचं, झडपेच्या खाली. झडपेच्या वर पाणी कधीही नाही, कारण ती सुरक्षेची झडप आहे आणि बुडाली की तिचा उपयोग संपला. गाळणीत १५ ग्रॅमच्या आसपास पुडी, सपाट, न दाबता. फडक्याने धरून आटे घट्ट आवळायचे, झाकण उघडं ठेवायचं. आधी गडद धार येते, मधासारखी. ती फिकट पिवळी व्हायला लागली आणि फुरफुर सुरू होण्याच्या बेतात आली की लगेच उतरवून बूड नळाखाली धरायचं. फुरफुर म्हणजे वाफ पुडी जाळतेय. लोक मोकाला कडू म्हणतात ती कडवट चव बहुतेक वेळा या शेवटच्या वीस सेकंदांतली असते.

बिघाडांत पहिला म्हणजे आट्यांतून वाफ गळणं. कारणं तीन: वॉशर कडक झालाय, कडेवर पुडीचे कण राहिलेत, किंवा दळण इतकं बारीक की पाणी वर जायला वाटच नाही. तिसरं धोक्याचं, गॅस लगेच बंद करायचा. वॉशर मापाचा मागवताना कपांची संख्या आणि नगाची जात दोन्ही सांगायची, कारण ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या मोकांचे वॉशर सहसा वेगळ्या मापाचे असतात. ॲल्युमिनियमला पितांबरी आणि काथ्या लावू नये. गरम पाण्याने धुऊन पुसून सुटी सुटी वाळवायची. ओली जोडून ठेवली तर आतून पांढरी पडते.

कोऱ्या कपासाठी आमच्याकडे टिकला तो कागदाचा सुळका. हॅरिओचा व्ही६०, नावातला ६० म्हणजे सुळक्याचा कोन. प्लॅस्टिकचाच घ्यावा. सिरॅमिकचा दिसतो छान, पण थंड सिरॅमिक सुरुवातीची उष्णता पिऊन टाकतं. प्लॅस्टिक पीत नाही आणि फुटतही नाही. ०२ मापाला ०२ चेच कागद. १५ ग्रॅम पुडी, २५० ग्रॅम पाणी. कागद गरम पाण्याने भिजवून ते पाणी फेकायचं, नाहीतर पुठ्ठ्याची चव येते. पहिल्यांदा ४० ग्रॅम पाणी, ४० सेकंद थांबणं. ताज्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो. मग १५० पर्यंत, मग २५० पर्यंत, बारीक धारेने, मधून बाहेर गोल. अडीच ते सव्वातीन मिनिटांत गाळणं संपलं पाहिजे. हंसाच्या मानेची किटली नसेल तर चहाच्या किटलीची धार चमच्याच्या पाठीवर सोडली तरी चालतं.

सुळक्याचा दोष हा की तो हाताची चूक लपवत नाही. धार एका जागी पडली की पुडीत नाला पडतो आणि कप तुरट होतो. ज्यांना सकाळी एवढं लक्ष द्यायचं नाही त्यांनी सपाट बुडाचा कलिता वेव्ह किंवा खाली झडप असलेला क्लेव्हर ड्रिपर घ्यावा. क्लेव्हरमध्ये पुडी पाण्यात अडीच-तीन मिनिटं मुरते, कपावर ठेवला की झडप उघडते, संपलं. कागदाचा आणखी एक फायदा आहे: कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागद ते अडवतो. फ्रेंच प्रेसची जाळी अडवत नाही. रोज चार कप पिणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

एरोप्रेस, म्हणजे ती दट्ट्याची नळी, ॲलन ॲडलर यांनी २००५ मध्ये बाजारात आणला. प्रवासाला आणि वसतिगृहाला याच्याइतकं सोयीचं काही नाही. १४ ग्रॅम, २०० ग्रॅम पाणी, दीड मिनिट, मग अर्ध्या मिनिटात सावकाश दाबायचं, हिस्स आवाज आला की थांबायचं. दट्ट्या नळीत अर्धवट ठेवून कपाटात टाकू नये. रबर दबून आकार धरतं आणि पुढे बाजूने गळतं.

फ्रेंच प्रेस: ३० ग्रॅम, ५०० ग्रॅम पाणी, चार मिनिटांनी वर आलेला पुडीचा थर चमच्याने मोडून फेस काढायचा, आणखी चार-पाच मिनिटं गाळ बसू द्यायचा, दांडा तळापर्यंत दाबायचा नाही. स्टीलचा घ्यावा, काचेचा बेसिनमध्ये फुटतो.

एस्प्रेसो यंत्राबद्दल एवढंच: खोक्यावरचे ‘१५ बार’ हा पंपाचा वरचा आकडा असतो, कपाला लागतात नऊ. स्वस्त यंत्रातली दुहेरी तळाची गाळणी दळण चुकलं तरी फेस दाखवते, म्हणून फेसावरून काही ठरत नाही. १८ ग्रॅममधून ३६ ग्रॅम अर्क २५-३० सेकंदांत काढायचा तर त्याला बारीक बारीक पायऱ्यांचा वेगळाच ग्राइंडर लागतो. एका ग्राइंडरच्या अटीत हे बसत नाही, म्हणून आम्ही सोडून दिलं.

सगळं घरात आल्यावर दळण जुळवायला एक पाकीट जातंच, ते जाऊ द्यावं. २५० ग्रॅमचं, भाजल्याची तारीख छापलेलं, हलकी भाजणी असेल तर तारखेनंतर आठ-दहा दिवसांनी उघडलेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती दळण. पाणी तेच, वजन तेच. १९, २१ आणि २३ क्लिकवर तीन छोटे कप करून शेजारी ठेवायचे आणि कोमट होईपर्यंत आलटून-पालटून चाखायचे. कडकडीत गरम असताना जिभेला काही कळत नाही. इथे आपल्याकडचे शब्द कामाला येतात. आंबट आणि पाणचट म्हणजे अर्क कमी उतरला: बारीक दळा. कडू म्हणजे जास्त उतरला: जाड दळा. तुरट हे तिसरंच, कच्च्या केळ्यासारखी जीभ आखडते. ते बहुतेक वेळा चुऱ्याचं किंवा नाल्याचं काम. तेव्हा क्लिक बदलण्याआधी धार सुधारा. नवशिके कडू आणि तुरट एकात मिसळतात आणि उलट्या दिशेला चकती फिरवत राहतात.

हवामानाप्रमाणेही थोडं सरकतं. उन्हाळ्याच्या तोंडी कोरड्या हवेत दळताना स्थितिक वीज तयार होते आणि पुडी, कोंडा डब्याच्या भिंतीला चिकटतात. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून तो बियांत एकदा फिरवला की थांबतं. थेंबभरच. पावसाळ्यात उलट. जुलै-ऑगस्टच्या झडीत उघडं राहिलेलं बी दमट होतं, चामट दळलं जातं आणि गाळणीचा वेळ बदलतो. बी झडपेच्या पाकिटातच, हवा दाबून काढून, घट्ट डब्यात. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर थंड बियांवर दव धरतं. कागदी फिल्टरही झिपच्या पिशवीत, नाहीतर कुबट वास थेट कपात येतो. ग्राइंडर पाण्याने धुवायचा नाही. पंधरा दिवसांनी सुटा करून रंगाच्या मऊ ब्रशने झाडायचा, आणि जोडताना शून्य पुन्हा मोजायचा, कारण तो एक-दोन क्लिक सरकलेला असू शकतो. कच्चे तांदूळ दळून साफ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. कॉफीपेक्षा तांदूळ फार कठीण असतो, दांड्यावर ताण येतो, ते करू नये.

डब्याच्या झाकणावर मार्करने तीन आकडे लिहिलेत: फिल्टर १४, मोका १३, सुळका २१. ते आमच्या नगाचे. तुमचा शून्य वेगळा, तेव्हा आकडेही वेगळे निघतील. पाकीट बदललं की २१ पुसून नवा लिहावा लागतो. १३ आणि १४ मात्र बरेच महिने तसेच आहेत, एका क्लिकचा फरक म्हशीचं दूध झाकून टाकतं.